आभारांचा कित्ता

"उपमा छान झालाय," भालचंद्र म्हणाले. चमचा बशीत ठेवून ते म्हणाले, "तुझे आभार मानायला हवेत," किंचित थांबले, आणि म्हणाले, "वैजू."

वैजयंती चहा गाळत होती. तिचा हात थांबला. लग्नाला तीस वर्षे होत आली होती, आणि एवढ्या वर्षांत या माणसाने उपम्याला 'छान' म्हटल्याचे तिला आठवत नव्हते. फार तर 'आज मिठाचा डबा सापडला वाटतं' असे म्हणत. तीच त्यांची शाबासकी, आणि वैजयंतीही ती तशीच घेत असे.

"काय हवंय?" तिने हसून विचारले.

"काही नको."

"मग आभार कसले? पाहुणे आहात का?"

"नाही गं. वाटलं म्हणून म्हटलं."

त्यांनी स्वतःची बशी विसळून ठेवली. वैजयंती कामाला निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या ध्यानात आले, की ते काय बोलले हे तिला खुपत नव्हते. कसे बोलले, ते खुपत होते. आधी एक थांबा, मग तिचे नाव, आणि नावाशी उतरलेला आवाज. एखादी जड वस्तू जपून खाली ठेवावी तसा.

रिक्षा थांबली. तिने पैसे दिले. रिक्षावाला म्हणाला, "आभारी आहे," किंचित थांबला, आणि म्हणाला, "ताई."

आवाज अगदी तसाच खाली उतरला.

"तुम्ही 'ओंजळ'मध्ये बोलता का हो?" तिने विचारले.

"हो तर. रोज संध्याकाळी. भाऊ गेल्यापासून. बरं वाटतं."

*

'ओंजळ' ही ऑनलाइन सेवा मिरजेतल्या एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयातून चालत असे. वरपक्षाच्या खोलीत संगणक होते, वधूपक्षाच्या खोलीत श्रोते बसत. श्रोते म्हणजे फोनवर लोकांचे ऐकून घेणारी, त्यासाठी तयार केलेली माणसे. व्यासपीठ तसेच ठेवले होते, त्यावर चहाचे टेबल होते.

सेवेची कल्पना साधी होती. जगणे नकोसे झालेल्या माणसाने रोज संध्याकाळी फोनवर एका यंत्राला दिवसातल्या दोन-तीन बऱ्या गोष्टी सांगायच्या आणि ज्याच्यामुळे त्या घडल्या त्याचे आभार मानायचे. निराशेत मनाला फक्त अंधाराच्याच खुणा दिसतात. रोज थोडे दुसरीकडे पाहायची सवय लावली, तर काहींवरची निराशेची पकड सैल होते. सगळ्यांची नाही, आणि औषधाची जागा तर ही सवय घेतच नाही. हे वाक्य डॉ. फरीदा मुजावर प्रत्येक बैठकीत म्हणत. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि सेवेच्या प्रमुखही.

वैजयंती ध्वनिशास्त्रातली होती. यंत्राचा कान तिने घडवला होता. तो कसा, हे समजायला सोपे आहे. लहान मुलाला आपण सांगतो, "मावशीला थँक्यू म्हण." ते म्हणते, छतावरच्या पंख्याकडे बघत. आणि त्याच मुलाची हरवलेली चप्पल कोणी शोधून दिली, की ते नुसते "हां" म्हणते. त्या 'हां'मध्ये आभार असतात, थँक्यूमध्ये नव्हते. फरक शब्दांत नाही, घशात आहे. घशातले स्वरतंतू मनाबरोबर ताठ होतात आणि मनाबरोबर सैल पडतात. सैल पडले, की स्वर थोडा लांबतो, श्वास त्यात मिसळतो. हे मोजता येते. या मापाला त्यांनी 'ओलावा' असे नाव दिले होते. ओलावा घटला, की वधूपक्षाच्या खोलीतून त्या माणसाला फोन जाई. ओलावा बरेच दिवस चढता राहिला, की त्या माणसावरची देखरेख उठे.

सुरुवातीला एक अडचण आली होती. आपली माणसे घरच्यांबद्दल बोलताना नुसते आभार कधी मानत नाहीत. "आईनं डबा दिला, पण परत तोंडलीच दिली." "मुलगा भेटायला आला, घरभर चिखल करून गेला." यंत्राचा गोंधळ उडे. कुरकूर ऐकून ते ओलावा कमी दाखवी. मग सर्वांनी मिळून ठरवले, की कुरकूर म्हणजे आवाजातली खरखर समजायची आणि वजा करायची. आकडे लगेच स्वच्छ यायला लागले.

दुसरी अडचण अशी, की पुष्कळांना आभार मानायचे कसे हेच कळत नसे. फोन कानाला लावून गप्प बसत. म्हणून यंत्र कित्ता देऊ लागले. पाटीवर वर मास्तरांचे अक्षर असते आणि खाली मूल गिरवते, तसे. ज्या बोलण्यात ओलावा सर्वांत जास्त भरला, ते बोलणे यंत्र स्वतः निवडी, त्यातला माणूस ओळखू येऊ नये म्हणून आवाज बदली, शब्द बदली आणि बोलण्याची चाल तेवढी ठेवी. मग ती चाल लोकांना ऐकवून सांगे, "आता तुम्ही म्हणा. थोडं सावकाश. नावाआधी थांबा. छान."

लोक गिरवू लागले. सेवेत तेव्हा लाखाहून जास्त लोक होते. त्यातलेच एक भालचंद्र.

ते साखर कारखान्यात बॉयलरचे प्रमुख होते. त्यांच्या पाळीत वाफेची नळी फुटली आणि सिद्राम नावाचा त्यांचा मदतनीस गेला. चौकशीत भालचंद्रांचा काही दोष निघाला नाही, पण त्यांनी नोकरी सोडली. घरात बसून राहत. वर्षभरापूर्वी वैजयंतीनेच त्यांच्या हातात फोन ठेवून म्हटले होते, "बोलून तर बघा." गेले काही आठवडे ते बोलू लागले होते, झोपू लागले होते, आणि आता आभार मानू लागले होते.

*

"मॅडम, आज पेढे," श्रेयस बिरनाळे म्हणाला. संगणकांचे सगळे काम तो पाही. "कालच्या एका दिवसात जेवढ्यांची देखरेख उठली, तेवढी आजवर कधीच उठली नव्हती."

"श्रेयस, मला एक चाल शोधून दे."

"पेढा तरी घ्या आधी."

तिने पेढा हातात धरला आणि तोंडाने ती चाल म्हणून दाखवली. त्याने ती पडद्यावर उतरवली. रेघ थोडी वर चढत होती, थांबत होती, नावाशी खाली येत होती, आणि शेवटी सुटलेला एक लहानसा श्वास.

वैजयंती त्या रेघेकडे बघत राहिली. आपण कोणाचे नाव घेतो तेव्हा नावाच्या शेवटी आवाज वर जातो. आई मुलाला हाक मारते, दुकानदार गिऱ्हाइकाला हाक मारतो, सगळ्यांचा वर जातो. समोरच्याने वळून पाहावे, 'ओ' द्यावी, यासाठी आपण जागा ठेवतो. या रेघेत ती जागाच नव्हती. नाव घेणाऱ्याला उत्तर नको होते.

"ही कुठून आली?"

"आपल्या सध्याच्या कित्त्याची आहे. त्याच्याआधीच्या कित्त्याचीही." श्रेयस मागे मागे जात राहिला. प्रत्येक कित्ता आधीचा गिरवणाऱ्या कोणाच्या तरी बोलण्यातून निवडलेला होता. पण चाल तीच, दर वेळी थोडी आणखी रेखीव झालेली. शेवटी सगळ्या रेघा एका आवाजाशी येऊन थांबल्या. "ही बघा, या सगळ्यांची आजी."

त्याने बटण दाबले. तरुण मुलीचा आवाज होता. "आज बाबांनी चहा केला. साखर बरोबर पडली होती." थांबा. "आभारी आहे, बाबा."

त्यापुढे तिची एकही नोंद नव्हती. यंत्राच्या लेखी हा तोवरचा सर्वांत जास्त ओलावा होता.

दारात फरीदा उभ्या होत्या. त्या आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"ही कस्तुरी आहे," त्या म्हणाल्या. "जतची. बंद कर, श्रेयस."

"तुम्ही ओळखता?"

"गेली ती. आदल्याच आठवड्यात तिची देखरेख उठली होती. तिच्या वडिलांचा मला फोन आला होता. मला वाटलं, भांडतील. ते म्हणाले, शेवटचे दिवस पोरगी फार गोड बोलायची डॉक्टर, तुमच्यामुळे. मी फोन ठेवला आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही."

श्रेयसने पेढ्यांचा डबा बंद केला.

"मरायचं ठरवून टाकलेल्या माणसाला कधी कधी हलकं वाटतं," फरीदा सांगू लागल्या. "घरचे म्हणतात, बरा झाला. कुरकूर थांबते. कुरकूर कोण करतं? ज्याला उद्या इथेच राहायचंय तो. तोंडलं परत आणू नकोस म्हणणाऱ्याला उद्याचा डबा हवा असतो. ती कुरकूर आपण वजा केली. मग उरलेल्यांत सगळ्यात चोख आभार कोणाचे भरणार?"

"म्हणजे आपण एवढ्या लोकांना..." श्रेयस म्हणाला.

"बोलायला शिकवलं. जायला नाही. बहुतेक जण नुसते गिरवताहेत, आणि खरंच बरेही आहेत. पण आता सगळेच एकसारखे बोलतात. त्यांच्यात निघालेला कोण, हे यंत्राला कळणार नाही. आणि माणसालाही."

वैजयंतीने हातातला पेढा टेबलावर ठेवला.

"आमच्या घरी आज सकाळी," ती म्हणाली, आणि पुढचे तिला सांगावे लागले नाही.

"जा," फरीदा उठून म्हणाल्या. "आणि थेट विचार. आडून आडून नको. विचारल्यानं कल्पना डोक्यात शिरत नाही, असली तर तिला बाहेर यायला वाट मिळते. एकटं सोडू नकोस. मी फोन हातातच ठेवते."

*

भरदुपारी घराचे दार उघडे होते. भालचंद्र स्टुलावर उभे राहून पंख्याची पाती पुसत होते.

"लवकर आलीस?"

"हो."

तिने घर पाहिले. मोरीतला नळ ठिबकत नव्हता. कपाटाचे बिजागर सरळ झाले होते. विळीला धार लावलेली होती. कित्येक महिने ती मागे लागली होती त्या सगळ्या गोष्टी झालेल्या होत्या.

"आता वर्षभर बघायला नको," ते वरूनच म्हणाले.

"खाली या."

"एक पातं राहिलंय."

"राहू दे. खाली या, अहो."

ते उतरले. फडके घडी करून बसले. ती त्यांच्या समोर बसली. वाटेत जुळवलेले वाक्य तिला सापडेना. शेवटी जे तोंडाला आले ते तिने विचारले.

"तुम्ही मरायचा विचार करताय का?"

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होते. ती सुरू झाली, निघून गेली.

"हो," भालचंद्र म्हणाले.

तिला वाटले होते, ते नाही म्हणतील, चिडतील. पण ते शांत होते, आणि तिच्याकडे कणवेने बघत होते. त्या नजरेची तिला अधिक भीती वाटली.

"कधीपासून?"

"झाले काही दिवस. ठरवल्यापासून झोप लागते." ते जरा हसले. "तुमचं यंत्र चांगलं आहे, वैजू. ते म्हणायचं, एकेकाचं नाव घ्या. मी घेत गेलो. आईचं, मास्तरांचं, तुझं. घर आवरताना एकेक खोली झाडून होते ना, तसं झालं. ते म्हणायचं, छान. आता झाडायचं काही उरलं नाही."

वैजयंतीच्या मनात पुष्कळ काही आले. तुमच्यावाचून माझे कसे होईल, हे आले. मी तुमची किती ऋणी आहे, हेही आले, आणि ते तिने जिभेवरून परतवले. आणखी आभार या घरात नको होते.

"माझ्याबद्दल काही तक्रार नाही तुमची?" तिने विचारले.

"नाही."

"तीस वर्षांत एकही नाही?"

"तू चांगलंच केलंस सगळं."

"खोटं बोलता."

"आता कशाला, वैजू."

"मला हवीय. एक तरी सांगा. एवढं माझं ऐका."

ते खाली बघत म्हणाले, "उपमा गिचका होतो तुझा."

"आज छान म्हणालात."

"आजही गिचकाच होता."

"अजून."

"पुरे झालं."

"अजून सांगा."

"तू घरी आल्या आल्या टीव्ही लावतेस." त्यांचा आवाज थोडा खरखरला. "दिवसभर परक्या लोकांचं ऐकतेस. इथे कोणी काही म्हणेल म्हणून आवाज मोठा करतेस."

हे खरे होते. वैजयंतीने मान हलवली.

"सिद्रामचं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. एकदाही. त्या यंत्राला मी त्याच्याबद्दल सांगायला गेलो, तर ते म्हणालं, आपण चांगल्या गोष्टीकडे वळू या. कारखान्यात त्याच्या जागी नवा माणूस आला. चौकशीवाले म्हणाले, तुमचा दोष नाही. दोष नाही तर मग तो गेला कसा? मी त्याला म्हटलं होतं, जा, बघून ये. मीच म्हटलं. ते कोणी ऐकूनच घेत नाही. सगळे म्हणतात, विसरा. तूही म्हणालीस विसरा. कसं विसरू?" ते उभे राहिले होते. "कसं विसरायचं ते सांग की, वैजू?"

तिच्या नावाशी त्यांचा आवाज वर गेला. ते उत्तरासाठी थांबले होते.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी चुकीचं बोलले. बसा. सिद्रामचं सांगा मला. पहिल्यापासून."

ते सांगू लागले. सिद्रामला पानाची सवय होती इथपासून. सांगताना ते तिच्यावर चिडले, कारखान्यावर चिडले, एकदा टेबलावर मूठ आपटली. तिने ऐकता ऐकता फरीदांना फोन लावला आणि तो चालूच ठेवला. फरीदा आल्या तेव्हा भालचंद्र रडत होते. त्या त्यांच्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "शेटेसाहेब, आज दवाखान्यात राहू या का? मी बरोबर आहे, वैजयंतीपण आहे."

डोळे पुसत ते म्हणाले, "तिथला चहा चांगला नसतो."

"अगदी वाईट असतो," फरीदा म्हणाल्या. "तक्रार लिहून द्या."

ते बरोबर निघाले.

त्या दुपारने ते बरे झाले असे कोणी समजू नये. ते बरेच दिवस दवाखान्यात होते. औषधे दोनदा बदलावी लागली. काही दिवस वैजयंती शेजारी बसे आणि ते भिंतीकडे तोंड करून असत. काही दिवस भांडत. भांडणाच्या दिवशी तिला घरी येऊन जेवण जाई.

*

कित्ता त्याच दिवशी बंद केला. पण पाटी पुसता येते, हाताला लागलेले वळण पुसता येत नाही. लोक दुकानात, बँकेत, शाळेच्या फाटकाशी त्याच चालीत आभार मानत होते. ज्यांनी 'ओंजळ'चे नावही ऐकले नव्हते, ते इतरांचे ऐकून तसे बोलू लागले होते. गेलेल्या मुलीचा एक थांबा जिवंत माणसांच्या तोंडी गावोगाव हिंडत होता, आणि कोणाला त्याचे काही वाटत नव्हते. उलट लोक म्हणत, हल्ली माणसे किती नम्र झाली आहेत.

ज्यांची देखरेख उठली होती, त्या प्रत्येकाला माणसाने फोन करून थेट विचारायचे ठरले. दुसरा उपाय नव्हता. इतर गावांतून श्रोते बोलावले, शिकवून तयार केले. व्यासपीठावरही टेबले मांडली. वैजयंती सकाळी दवाखान्यातून येई आणि फोनला बसे.

बहुतेक जण वैतागत. "ताई, माझी जेवायची वेळ आहे." "परवाच एकीनं विचारलं की. तुमच्यात मेळ नाही का?" एका आजींनी तर तिला चांगलेच फैलावर घेतले, असले अभद्र विचारायला लाज कशी वाटत नाही म्हणून. वैजयंती फोन कानाशी धरून ते सगळे शेवटपर्यंत ऐके. शेजारच्या टेबलावरून श्रेयस विचारी, "शिव्या?" ती म्हणे, "भरपूर," आणि पुढचा क्रमांक लावी.

एका दुपारी तिने फोन लावला, तो एका पुरुषाने उचलला. त्याने तिचे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले. कुठून बोलता, नाव काय, हे विचारले. पलीकडे कुकरची शिटी झाली.

"माझं सगळं व्यवस्थित आहे," तो म्हणाला. "तुम्ही आठवणीनं फोन केलात. आभारी आहे."

थांबा.

"वैजयंतीताई."

तो कदाचित नुसते गिरवत असेल. बहुतेक जण तेच करत होते. कुकरची आणखी एक शिटी झाली, आणि तिकडे कोणी गॅस बंद करायला उठल्याचे ऐकू आले नाही.

"मी फोन ठेवत नाही," वैजयंती म्हणाली. "आज तुमचं काय बिघडलं, ते सांगा मला. अगदी बारीकसं असलं तरी चालेल."

पलीकडे श्वास ऐकू येत होता. तिने डोळे मिटले आणि वाट पाहू लागली.